साडेपाचचा ठोका

शपथेवर दिलेल्या तीन जबान्या शेजारी शेजारी ठेवल्या, की अ‍ॅनी चॅपमन साडेचारच्या आत मरते, पाच वीसच्या सुमाराला ‘नाही’ म्हणते आणि साडेपाचला रस्त्यात उभी राहून एका माणसाशी बोलत असते. साक्षीदार तीन : एक डॉक्टर, एक सुतार आणि बाजाराला निघालेली एक बाई. खोटं बोलून यांच्यापैकी कुणाच्याही हाती काही लागणार नव्हतं.

दिवस ८ सप्टेंबर १८८८, शनिवार. जागा लंडनच्या ईस्ट एंडमधलं स्पिटलफिल्ड्स, २९ हॅनबरी स्ट्रीट. ‘जॅक द रिपर’च्या नावावर असलेल्या त्या वर्षीच्या खुनांचा कर्ता कोण, यावर डोंगराएवढं लिहून झालंय आणि संशयितांची रांग अजून वाढतेच आहे. त्या रांगेत मला रस नाही. मी पुन्हा पुन्हा जाते ती कोरोनरपुढच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढच्या, साक्षींकडे. त्या काळच्या वर्तमानपत्रांनी त्या सविस्तर छापल्या, बऱ्याच ठिकाणी प्रश्नोत्तरांसकट. त्यात गाडीवान बोलतात, बाजारातले हमाल बोलतात, भाड्याच्या खाटांवर रात्र काढणाऱ्या बायका बोलतात. एरवी यांचं एक वाक्यही कुणी टिपून ठेवलं नसतं. एक बाई मेली म्हणून त्यांना विचारलं गेलं : तू कुठे होतास, किती वाजले होते, कशावरून म्हणतोस?

या तिसऱ्या प्रश्नाने मला धरून ठेवलंय.

आधी ती जागा. २९ नंबरच्या घरात सतरा माणसं राहत होती. रस्त्याकडच्या खोलीत मांजरांसाठी मांस विकणाऱ्या बाईचं दुकान. बाजूने एक अरुंद बोळ सरळ मागच्या दारापर्यंत जायचा. पुढचं दार, मागचं दार, दोन्ही सहसा उघडीच, कारण राहणारे निरनिराळ्या वेळी कामाला जाणारे. मागच्या दारातून दोन-तीन पायऱ्या उतरल्या की फरशीचं छोटं परसू. डावीकडे शेजारच्या २७ नंबरच्या परसापासून वेगळं करणारं लाकडी फळ्यांचं कुंपण, साडेपाच-सहा फूट उंच. पायऱ्या आणि कुंपण यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत अ‍ॅनी सापडली.

ती एका कोचमनची विधवा होती, आजारी होती, क्रोशाचं काम करून आणि फुलं विकून जगत होती. शुक्रवारी रात्री डॉर्सेट स्ट्रीटवरच्या लॉजिंग हाउसच्या स्वयंपाकघरात बसून तिने उकडलेला बटाटा खाल्ला. खाटेचे पैसे तिच्याकडे नव्हते. पावणेदोनच्या सुमाराला बाहेर पडताना तिने बजावलं, माझी खाट दुसऱ्या कुणाला देऊ नका, मी येतेच. रात्रपहाऱ्यावरच्या माणसाने तिला गल्लीतून जाताना पाहिलं. पुढचे तीन तास कोरे आहेत. लोक पहाटेच्या पाच-दहा मिनिटांवरून भांडतात आणि या तीन तासांवरून पटकन पुढे सरकतात, कारण तिथे भांडायला साक्षीदारच नाही. पैसे नसलेली एक आजारी बाई थंडीत तीन तास रस्त्यावर होती, एवढं मात्र त्या कोऱ्या जागेतून कळतं.

पावणेपाचला जॉन रिचर्डसन आला. त्याच्या आईने त्या घराचा काही भाग भाड्याने घेतला होता. तळघरात पॅकिंगची खोकी बनवण्याचा धंदा चाले. मागे तिथून हत्यारं चोरीला गेली होती, म्हणून बाजाराच्या दिवशी कामावर जाताना तो वाकडी वाट करून तळघराचं कुलूप बघून जाई. त्या सकाळी कुलूप शाबूत होतं. त्याचा बूट बोटाला टोचत होता. तो मागच्या पायरीवर बसला, खिशातली सुरी काढली आणि बुटाच्या चामड्याचा टोचणारा तुकडा कापायला लागला. पाय खाली परसाच्या फरशीवर. उजाडायला लागलं होतं, सगळं दिसत होतं, तिथे काही नव्हतं, असं त्याने सांगितलं. प्रेत असतं तर ते त्याच्या डाव्या हाताला, अगदी जवळ असतं.

कोरोनरने त्याला सुरी आणायला घरी पाठवलं. त्याने आणली ती टेबलावरची जुनी, बोथट सुरी. मग कळलं की तिने नीट कापलं गेलं नव्हतं आणि बाजारात त्याने दुसऱ्याची सुरी मागून घेतली होती. त्यात इन्स्पेक्टर चँडलरचं म्हणणं पडलं, की हा माझ्याशी बोलताना पायऱ्या उतरल्याचं म्हणाला नव्हता. एवढ्यावरून रिचर्डसनला लबाड ठरवणारे आजही आहेत. दार बाहेर डावीकडे उघडायचं, त्याच्याआड प्रेत दडलं असेल, असाही एक तर्क लढवला जातो. मला तो पटत नाही. पायरीवर बसून, पाय फरशीवर टेकवून, वाकून बूट कापणाऱ्या माणसाला हाताच्या अंतरावर पडलेली बाई दिसू नये, हे होणं नाही. त्या दिवशी लंडनमध्ये सूर्य सुमारे ५:२५ ला उगवला. म्हणजे पावणेपाचला झुंजुमुंजू व्हायला लागलं होतं, त्याने सांगितलं अगदी तसंच.

डॉ. जॉर्ज बॅगस्टर फिलिप्स साडेसहाला पोचले. मृत्यू किमान दोन तासांपूर्वी, बहुधा त्याहूनही आधी झाला असावा, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे साडेचार किंवा त्याच्याही आधी. ते अनुभवी पोलीस सर्जन होते आणि पुढची शंभर वर्षं त्यांच्या या वाक्याला पांढऱ्या कोटाचं वजन मिळत राहिलं. पण त्यांनी लगेच पुढे जे जोडलं ते फार महत्त्वाचं आहे : सकाळ गार होती, आणि एवढं रक्त गेलेलं शरीर लवकर थंड होतं, हेही सांगायला हवं. स्वतःच्या अंदाजाची सैल बाजू त्यांनी स्वतःच दाखवून ठेवली होती. हाताने स्पर्श करून केलेला अंदाज, पोट उघडं टाकलेलं शरीर, सप्टेंबरची पहाट. असा अंदाज तास-दीड तासाने चुकणं यात डॉक्टरांचा काही दोष नाही.

आता अल्बर्ट कॅडोश. शेजारच्या २७ नंबरमध्ये राहणारा तरुण सुतार. तो ५:१५ ला उठला, परसात गेला. घरात परत शिरताना, पाच वीसच्या सुमाराला, कुंपणापलीकडून कुणीतरी ‘नाही’ म्हणाल्याचं त्याने ऐकलं. आवाज नक्की कुठून आला हे छातीठोक सांगता येणार नाही, असंही तो म्हणाला. तीन-चार मिनिटांनी तो पुन्हा परसात गेला, तेव्हा कुंपणावर काहीतरी आदळल्यासारखा आवाज आला. तो घरात गेला, कामाला निघाला, आणि स्पिटलफिल्ड्स चर्चवरून जाताना घड्याळात ५:३२ झाले होते.

आणि एलिझाबेथ लाँग. ती पाचच्या सुमाराला घरून निघाली होती, हॅनबरी स्ट्रीटवरून स्पिटलफिल्ड्स बाजाराकडे चालली होती. दारूभट्टीच्या घड्याळात साडेपाचचा ठोका पडला होता. २९ नंबरजवळ एक पुरुष आणि एक बाई बोलत उभी. पुरुषाची पाठ तिच्याकडे, बाईचा चेहरा समोर. पुरुष म्हणाला, ‘येतेस?’ बाई म्हणाली, ‘हो.’ काही दिवसांनी शवागारात प्रेत पाहून लाँगने ओळखलं : हीच ती.

कोरोनर वाइन बॅक्स्टरने समारोपात मार्ग काढला. डॉक्टरांची पुस्ती लक्षात घेऊन त्याने साक्षीदारांना झुकतं माप दिलं, आणि कॅडोशची वेळ पाव तास इकडे-तिकडे झाली असेल तर विसंगती उरत नाही, असं म्हटलं. तिकडे चीफ इन्स्पेक्टर स्वॉन्सनने ऑक्टोबरमधल्या अहवालात उलट बाजू धरली : डॉक्टर बरोबर असतील तर लाँगच्या साक्षीवर शंका घ्यावी लागेल. दोघांनाही एकच गोष्ट हवी होती. कुणाला तरी थोडं ढकलून तक्ता जुळवायचा.

मीही असे तक्ते करत आलेय. वहीत उभ्या रेघा, डावीकडे वेळ, पुढे माणूस, पुढे जागा. पण तक्त्यात घातली की ५:२०, ५:३० आणि ५:३२ ही सगळी एका जातीची दिसायला लागतात, आणि ती एका जातीची मुळीच नाहीत. कॅडोशने ५:३२ डोळ्यांनी पाहिले. ५:२० हा त्याने मनात मागे मोजून काढलेला आकडा. साडेपाच हा लाँगच्या कानावर चालता चालता पडलेला ठोका. पावणेपाच हा रिचर्डसनच्या रोजच्या वाटेचा अंदाज. माझी आजी गिरगावातल्या चाळीतली. तिला कधीही विचारा, ‘तेव्हा किती वाजले होते गं?’ ती म्हणायची, ‘दूधवाला येऊन गेला होता, नळ यायचा होता.’ तिच्या या उत्तरात आकडा नसायचा, पण वेळ नेमकी असायची. स्पिटलफिल्ड्सची माणसं कोरोनरपुढे आकडे सांगत होती, कारण कोरोनर आकडे मागत होता. आतून मात्र त्यांची वेळ आजीच्याच पद्धतीची होती.

आणि ती कशी होती हे साक्षींत जागोजागी दिसतं. मिलर्स कोर्ट नावाच्या आवारात, याच खुनांपैकी एकात बळी गेलेल्या मेरी केलीच्या वरच्या खोलीत राहणारी एलिझाबेथ प्रेटर घ्या. ९ नोव्हेंबरच्या पहाटे तिचं मांजराचं पिल्लू मानेवरून चाललं म्हणून ती जागी झाली आणि ‘खून!’ अशी दबकी किंकाळी तिने ऐकली. तिकडे असल्या हाका रोजच्याच, म्हणून ती पुन्हा झोपली. पोलिसांना तिने साडेतीन-चार अशी वेळ सांगितली. कोरोनरपुढे आली तेव्हा तिला आठवलं : समोरच्या लॉजिंग हाउसचा दिवा विझलेला होता, म्हणजे चार वाजून गेले असणार. त्याच आवारात त्या रात्री पाहुणी आलेली सेरा लुइस खुर्चीत पेंगत होती. साडेतीनच्या ठोक्याने जागी झाली, चारच्या थोडं आधी तिनेही किंकाळी ऐकली. एक वेळ दिव्याची, एक ठोक्याची. त्या चारच्या आसपास येऊन भेटतात, पण एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत. तशा त्या बसल्या असत्या तर मला उलट संशय आला असता.

तंतोतंत जुळणाऱ्या वेळांचं काय होतं ते बक्स रोमध्ये दिसतं. ३१ ऑगस्टला त्याच खुनांतल्या मेरी अ‍ॅन निकल्सचं प्रेत सापडलं. कामावर निघालेला रॉबर्ट पॉल म्हणतो ३:४५. कॉन्स्टेबल नील म्हणतो, मला प्रेत दिसलं तेव्हा ३:४५. कॉन्स्टेबल मायझन म्हणतो, बेकर्स रोच्या कोपऱ्यावर दोन माणसांनी येऊन मला सांगितलं तेव्हा ३:४५. त्या दोघांपैकी एक पॉल. प्रेतापासून त्या कोपऱ्यापर्यंत चालायलाच काही मिनिटं लागतात. एकच ३:४५ तिन्ही ठिकाणी असू शकत नाही. यावरूनही कुणाला तरी खोटारडं ठरवण्याची घाई झालेली आहे. मायझन त्या वेळी काय करत होता? दारं ठोठावून लोकांना कामासाठी उठवत होता. गस्तीवरचा पोलीस हेच त्या वस्तीचं गजराचं घड्याळ होतं. त्याच्यासाठी ‘पावणेचार’ म्हणजे पावणेचारवाल्यांना उठवण्याची वेळ, आणि ती काही मिनिटं चालत असणार. घड्याळ काढून नेमकं मिनिट बघणारी माणसं वेगळी. ३० सप्टेंबरला बर्नर स्ट्रीटवर एलिझाबेथ स्ट्राइडच्या प्रेतापाशी पोचल्यावर डॉ. ब्लॅकवेलने स्वतःचं घड्याळ पाहिलं : १:१६. खिशात घड्याळ असलेल्या माणसाचा असा आकडा असतो.

बाकीचे ठोक्यांवर जगायचे, आणि ठोका कुठल्या घड्याळाचा हाही प्रश्न होताच. ग्रिनिचची वेळ देशभर कायदेशीर होऊन तेव्हा आठच वर्षं झाली होती. त्याच काळात मरिया बेलव्हिल नावाची एक विधवा ग्रिनिचच्या वेधशाळेत जाऊन आपलं क्रोनोमीटर लावून घेई आणि लंडनभर हिंडून घड्याळवाल्यांना वर्गणी घेऊन बरोबर वेळ दाखवी. बरोबर वेळ दारोदार विकत घ्यावी लागत होती, यातच चर्चचं घड्याळ आणि दारूभट्टीचं घड्याळ यांच्यात दोन-चार मिनिटांचा फरक असू शकतो हे आलं. मुंबईत तर त्याच वर्षांत प्रकरण आणखी अवघड होतं : शहराची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे आणि रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर, ती आणखी अर्धा तास पुढे. असा खून मुंबईत झाला असता, तर प्रत्येक साक्षीदाराला आधी विचारावं लागलं असतं, की बाबा, तुझं घड्याळ कुणाचं?

इतपत आल्यावर वाटतं, की उत्तर सापडलं : आकड्यांवर नको, कामांवर विश्वास ठेवा. मलाही बराच काळ तसंच वाटत होतं, पण वाटेत कॅरोलिन मॅक्सवेल आडवी येते.

मेरी केलीचं प्रेत ९ नोव्हेंबरला सकाळी पावणेअकराला दिसलं. रात्रीतच कधीतरी ती मारली गेली असं डॉक्टरांचं आणि त्या किंकाळ्यांचं म्हणणं. मॅक्सवेल शपथेवर सांगते, की सकाळी आठ-साडेआठच्या दरम्यान मेरी आवाराच्या तोंडाशी उभी होती, आम्ही बोललो, तिची तब्येत बरी नव्हती. कोरोनरने तिला स्पष्ट बजावलं : जपून बोल, तुझं सांगणं इतरांपेक्षा वेगळं आहे. ती ढळली नाही. आणि तिची वेळ घट्ट बांधलेली होती, तीही कामांनी : नवऱ्याची ड्यूटी संपण्याची वेळ, समोरच्या घरी परत करायची भांडी, दूध आणायला गेलेली ती, आणि त्या दुकानात ती क्वचितच जात असल्यामुळे दिवसही पक्का. माझ्या कसोटीवर हिच्याइतकी चांगली साक्षीदार नाही. तरी ती सांगते ते घडलेलं असणं जवळजवळ अशक्य आहे.

मॅक्सवेलवर मी बरीच अडखळले. मग तिच्याच जबानीतली एक साधी गोष्ट नजरेत भरली. मेरीला ती चारेक महिने ओळखत होती, पण त्या काळात बोलली होती फक्त दोनदा. भांडी, दूध, नवऱ्याची ड्यूटी, या सगळ्यांनी मॅक्सवेलची स्वतःची सकाळ पक्की होते. ती त्या वेळी तिथे होती, तिने कुणाशी तरी बोलणं केलं, यावर मी पैज लावीन. समोर कोण होतं, हे मात्र दूध सांगू शकत नाही. माणूस स्वतःच्या सकाळीचा भरवशाचा साक्षीदार असतो. दुसऱ्याच्या चेहऱ्याबद्दल त्याची खात्री कितीही असली, तरी तिला त्या सकाळीचा आधार मिळत नाही.

याच नजरेने मी हॅनबरी स्ट्रीटला परत गेले. रिचर्डसनची सकाळ म्हणजे कुलूप, बूट, सुरी. पावणेपाचला त्या जागेत प्रेत नव्हतं. त्याने चेहरा ओळखलेला नाही, रिकामी फरशी पाहिली, आणि रिकामी फरशी ओळखण्यात चूक होत नाही. कॅडोशची सकाळ म्हणजे उठणं, दोनदा परसात जाणं, कामाला निघणं, चर्चचं घड्याळ. त्यानेही कुणाला ओळखलेलं नाही, दोन आवाज ऐकले, आणि तो मागे मोजतो आहे ते फक्त दहा-बारा मिनिटं, तेही नुकत्याच डोळ्यांनी पाहिलेल्या काट्यापासून. त्याला पाव तास हलवण्याचा बॅक्स्टरला काय अधिकार? लाँगची सकाळ म्हणजे बाजाराची वाट आणि दारूभट्टीचा ठोका. ती साडेपाचला तिथून गेली, हे मी मान्य करते. तिने जोडपं पाहिलं, हेही. ती बाई अ‍ॅनी होती, हे नाही. लाँगला कोरोनरने विचारलं, की इतक्या सकाळी असं कुणी बोलत उभं दिसणं तुला नवल वाटलं नाही का? ती म्हणाली, नाही, सकाळी तिथे असे कितीतरी उभे असतात, म्हणून तर मी फारसं लक्ष दिलं नाही. लक्ष न देता पाहिलेला चेहरा तिने नंतर शवागारात जाऊन ओळखला. त्यात लबाडी नाही, पण पुरावाही नाही.

लाँगची साक्ष बाजूला ठेवायला अनेकांचा जीव धजत नाही, हे मला समजतं. तिने खुन्याची पाठ पाहिली असू शकते : चाळिशी उलटलेला, सावळा, तपकिरी टोपीतला, परदेशी वाटणारा. तिला सोडलं की त्या माणसाचं एवढंही वर्णन हातातून जातं. म्हणून लोक ठोका पंधरा मिनिटं मागे नेतात, कॅडोशला पंधरा मिनिटं पुढे नेतात, आणि वर्णन वाचवतात. मी ते करणार नाही. वर्णन हवंहवंसं आहे म्हणून खरं धरायचं, हे अ‍ॅनीच्या बाबतीत मला बरं वाटत नाही.

मग उरतं ते असं. अ‍ॅनी पाच वीसच्या सुमाराला त्या परसात जिवंत होती आणि ‘नाही’ म्हणाली. पाच मिनिटांत कुंपणावर काहीतरी आदळलं. पावणेसहाचे ठोके ऐकून वरच्या मजल्यावरचा गाडीवान जॉन डेव्हिस उठला, त्याने चहा केला, सहाच्या सुमाराला खाली आला, मागचं दार उघडलं आणि रस्त्यावर धावत गेला. मधल्या वेळात खुन्याला जेमतेम पाऊण तासही मिळालेला नाही, तोही चांगला उजेड पडलेला असताना, बाजाराच्या दिवशी, सतरा माणसांच्या घरात.

कोरोनरने कॅडोशला विचारलं होतं, कुंपणावरून डोकावून बघावंसं वाटलं नाही का? तो म्हणाला, नाही. शेजारी खोकी बनवतात, मधूनच एखादं मोठं खोकं कुंपणावर आदळतं. माझ्या डोक्यात माझं काम होतं, काही वावगं आहे असं वाटलं असतं तर कदाचित डोकावलो असतो. ज्यूरीचा फोरमन म्हणाला, ‘नाही डोकावलात, हे वाईटच झालं.’

फोरमनचं हे बोलणं मला लागतं. कॅडोश स्वतःहून पुढे आला म्हणून तर तो ‘नाही’ आपल्यापर्यंत पोचला. तो गप्प राहिला असता तर ज्यूरीला कुंपणाची उंची विचारायचंही कारण पडलं नसतं. आवाज रोजचा होता, कुंपण पुरुषभर उंच होतं, कामाला उशीर होत होता. त्याने ऐकलं ते सांगितलं, आवाजाच्या दिशेची खात्री नव्हती तेही सांगितलं, आणि उगाच काही वाढवून सांगितलं नाही. त्या सकाळी एवढं नेमकं काम दुसऱ्या कुणी केलेलं मला दिसत नाही.